जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय? एअर काढायच्या आधी हे करून बघा

पेडल मऊ लागलं की आपल्याकडे ठरलेला एकच उपाय होतो, एक जण आत बसून पेडल मारतो, दुसरा खाली झोपून चाकामागचं निपल (लाइनमधली हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) सोडतो, अर्धा डबा ब्रेक ऑइल जातं, दोन दिवस बरं वाटतं आणि परत पेडल तिथंच. मग परत एअर काढा. माझं म्हणणं एवढंच आहे की चारही चाकांना ड्रम (चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं) असलेल्या जुन्या गाडीत एअर काढणं हे पहिलं काम नाहीच, पहिलं काम म्हणजे पेडल नेमकं कुठल्या प्रकारे मऊ लागतंय ते ओळखणं आणि दुसरं काम म्हणजे शू (ड्रमला आतून टेकून चाक थांबवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) नीट अ‍ॅडजस्ट करणं. या दोन गोष्टी न करता कितीही वेळा एअर काढली तरी दोष जागेवरच राहतो.

मी हे पद्मिनी डोक्यात ठेवून लिहितोय कारण महाराष्ट्रात हौसेने जपलेल्या गाड्यांत ती भरपूर दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने निघालेली गाडी, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, म्हणजे आता ज्या रस्त्यावर आहेत त्या जवळपास सगळ्या आपल्यासारख्यांच्या अंगणातल्या. रोज ८-१० तास चालणाऱ्या टॅक्सीचे ब्रेक आणि महिन्यातून एकदा रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीचे ब्रेक यात खूप फरक असतो, उभ्या गाडीत सिलिंडर गंजतात, रबर कडक होतं, ऑइल ओल धरतं. अ‍ॅम्बेसेडर किंवा जुनी महिंद्रा जीप असेल तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू होतं, फक्त अ‍ॅडजस्टर कुठे आहे आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने चाकांकडे ऑइल ढकलणारा) कुठे बसवलाय एवढंच बदलतं. जुन्या जीपमध्ये मास्टर फ्लोअरच्या खाली असतो, वरून झाकण काढून ऑइल टाकावं लागतं, त्यामुळे तिथे लेव्हल बघायची लोक विसरतात.

पेडल काय सांगतंय

इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक सोडलेला आणि चाकांना पुढेमागे दगड लावलेले. आता पेडल एकदा सावकाश दाबा. कितव्या इंचाला अडतं आणि अडल्यावर दगडासारखं लागतं की रबरासारखं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक दोन्हीला 'मऊ' म्हणतात, सगळा गोंधळ इथेच होतो.

पेडल खूप खाली जातं पण जिथे अडतं तिथे कडक अडतं, आणि पटापट दोन-तीनदा मारलं की वर येतं आणि वर पण कडकच, तर हवा नाही. शू ड्रमपासून लांब आहेत. पहिल्या दाबात चाकांतल्या सिलिंडरचे पिस्टन ते अंतर कापण्यातच ऑइल खर्च करतात, दुसऱ्या दाबात शू अजून पूर्ण मागे गेलेले नसतात म्हणून पेडल वर येतं.

पटापट मारल्यावर वर येतं पण वर आल्यावर पण स्प्रिंगसारखं दबतं, तर लाइनमध्ये हवा असायची शक्यता जास्त. ऑइल दाबून लहान होत नाही, हवा होते, म्हणून पायाला ती लवचिकता कळते.

पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बसत चाललं, तर गळती आहे, बाहेर तरी किंवा मास्टर सिलिंडरच्या आत तरी. ही टेस्ट करताना दोन प्रकारे करा, एकदा जोरात मिनिटभर धरून आणि एकदा अगदी हलक्या पायाने, सिग्नलला गाडी धरून ठेवतो तेवढ्याच जोराने. जोरात दाबल्यावर दाबानेच पिस्टनवरच्या रबर कपचे (वाटीसारख्या सीलचे) ओठ सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटतात आणि आतली गळती लपते, हलक्या दाबात ती उघडी पडते. गॅरेजमध्ये जोरात दाबून 'मास्टर ओके' म्हणतात आणि सिग्नलला पेडल खाली बसतं, त्याचं कारण हेच.

चौथा प्रकार आपल्या घाटांचा. सपाटीवर पेडल उत्तम, पण बोरघाट किंवा आंबोली उतरताना खाली आल्यावर एकदम मऊ आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर परत ठीक, तर ऑइल उकळतंय. त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. याच्या उलट पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही असं झालं तर ते ऑइलचं दुखणं नाही, लायनर (शूवरचा घासणारा थर) तापून पकड सोडतात ते. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत म्हणून घाट उतरताना पेडल कसं लागलं होतं ते नीट आठवून ठेवा.

एक सोपी ट्रिक अजून. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक ओढल्यावर पेडल स्पष्टपणे वर आलं तर मागचे शू ढिले आहेत, कारण हँडब्रेकने ते आधीच ड्रमला टेकवले आणि तेवढं अंतर वाचलं. एकाही पान्याला हात न लावता एवढं कळतं.

चाक काढण्याआधी

जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, दोन घोड्या (जॅक स्टँड) घ्या, विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते एकदम फुटतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवायची किंवा तोंडाने फुंकायची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे आणि ती फुफ्फुसाला खरंच घातक आहे. पाण्याची फवारणी करून ओल्या कपड्याने पुसा, मास्क लावा, कपडा फेकून द्या. आणि ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, डिझेल, ग्रीस यातलं काहीही लावू नका. रबर फुगतं आणि दोन महिन्यात कप अडकतो. रबर धुवायचं तर ताज्या ब्रेक ऑइलने, आणि धातूचे भाग ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने.

निपलला आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. ओपन पाना वापरू नका, बरोबर मापाचा रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट घ्या, एकदा कोपरे गेले की निपल तुटतं आणि मग पूर्ण व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा सिलिंडर) बदलायची वेळ येते.

आधी शू अ‍ॅडजस्ट

पेडल कुठल्याही प्रकारचं मऊ असो, हे करायचंच, कारण शू ढिले असताना पुढची कुठलीच टेस्ट खरं बोलत नाही.

हँडब्रेकची केबल आधी ढिली करा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. मागचे शू झिजले की बरेच लोक नुसती केबल ओढून हँडब्रेक 'टाइट' करतात, त्यामुळे शू केबलवर लटकून अर्धे बाहेर आलेले राहतात, अ‍ॅडजस्टर फिरवल्यावर चाक लगेच अडतं आणि वाटतं अ‍ॅडजस्ट झालं. केबल ढिली, मग अ‍ॅडजस्टर, आणि सगळ्यात शेवटी परत केबल, हाच क्रम.

चाक हवेत घ्या, गिअर न्यूट्रल. काही गाड्यांत बॅकप्लेटच्या (ड्रमच्या मागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) मागे नट असतात जे आतला कॅम फिरवतात, काहींत चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर, काहींत ड्रमच्या किंवा बॅकप्लेटच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचं दातेरी चाक. प्रत्येक शूला वेगळा अ‍ॅडजस्टर असेल तर एक पूर्ण करा मग दुसरा, दोन्ही थोडे थोडे करत बसू नका. चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवत अ‍ॅडजस्टर आवळत जा, चाक अडलं की थांबा. आता आत बसून पेडल दोन-तीनदा जोरात मारा म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात, परत येऊन चाक फिरवा, बहुतेक वेळा ते मोकळं झालेलं असतं, म्हणजे शू आधी तिरके टेकलेले होते. परत आवळा. चाक अडलेलं राहिलं की मग एकेक टप्पा मागे घ्या, चाक मोकळं फिरेल पण कान लावला तर अगदी बारीक घासल्याचा आवाज येईल एवढंच. पूर्ण फेरीभर सारखा आवाज हवा, एकाच जागी जोरात घासून बाकी शांत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय आणि तो लेथवर दाखवावा लागेल.

अ‍ॅडजस्टर जाम असतील तर तसंच पुढे जाऊ नका. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला कॅम गंजून बसलेला असतो, जोर लावला तर नट फिरतो आणि कॅम तिथंच. ड्रम काढा, साफ करा, आट्यांना कॉपर ग्रीस अगदी नावापुरतं लावा आणि लायनरला बोटाचं ग्रीस लागू देऊ नका.

चारही चाकं झाल्यावर पेडल परत दाबा. फक्त खूप खाली जाणारं आणि कडक अडणारं पेडल असेल तर काम इथेच संपतं, हँडब्रेकची केबल लावा आणि गाडी बाहेर काढा. अजून रबरासारखं लागतंय तर पुढे या.

गळती आणि फुगणारे पाइप

ड्रम काढलेले नसतील तर आता काढा आणि व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी बोटाने अलगद उचलून आत बघा. आत कोरडं हवं, किंचित ओलसरपणा चालतो, पण टोपी उचलल्यावर थेंब बाहेर आला तर तो सिलिंडर गेला, आणि जिथून ऑइल बाहेर येतं तिथून पेडल सोडताना हवा आत पण येऊ शकते. म्हणून गळणाऱ्या सिलिंडरवर कितीही एअर काढा, ती परत येणारच. सिलिंडर उघडून आतली भिंत बघा. नुसता काळा डाग असेल तर बारीक पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवून साफ करा, लांबीच्या दिशेने घासायचं नाही. नखाला खड्डा लागला तर नवीन किट (रबरांचा संच) टाकून उपयोग नाही, नवीन रबर त्या खड्ड्यावरून चार महिन्यात कापलं जातं. पूर्ण सिलिंडर बदला, मिळत नसेल तर आत पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ इथे जुन्या गाड्यांचे पार्ट शोधावे लागतात, घेताना जुना सिलिंडर सोबत न्या आणि आतलं माप जुळतंय का ते बघा. बाहेरून सारखेच दिसणारे सिलिंडर आतून वेगळ्या व्यासाचे असतात. व्यास मोठा झाला की ऑइल जास्त लागतं आणि पेडल लांब जातं, त्यात डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळा बसला तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते.

ड्रम परत बसवा, आता रबरी होज. बहुतेक जुन्या गाड्यांत तीन असतात, पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. मागचा तिसरा हमखास विसरला जातो कारण तो गाडीखाली मधे कुठेतरी लपलेला असतो. कोणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि होज मुठीत धरा, तो फुगल्याचं हाताला जाणवलं किंवा डोळ्यांना दिसलं तर बदलायचा. वाकवून बघितल्यावर भेगा दिसल्या तरी बदलायचा. आणि होज किती जुना आहे हे माहीतच नसेल तर मी तरी टेस्ट करत बसत नाही, तिन्ही एकदम बदलतो, रबराला वय असतं आणि बाहेरून चांगला दिसणारा होज आतून फुगून बंद पण होतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही.

होज नवे असतील तर त्यांच्यावर एक फार उपयोगी टेस्ट होते. गुळगुळीत गोल जबड्याचे होज क्लॅम्प मिळतात, ते तिन्ही होजना लावा आणि पेडल दाबा. आता पेडल वर आणि कडक लागलं तर मास्टर सिलिंडर आणि लोखंडी पाइप ठीक. मग एकेक क्लॅम्प काढत जा, ज्या क्लॅम्पनंतर पेडल मऊ झालं त्या चाकाकडे दोष. तिन्ही बंद असताना पण मऊच राहिलं तर दोष मास्टरमध्ये किंवा मास्टरजवळच्या पाइपमध्ये. व्हाइस ग्रिप किंवा पकडीने होज दाबायचा नाही, आतला थर फाटतो, आणि जुन्या कडक होजला तर क्लॅम्प पण लावू नका.

पाइपचे जोड कोरड्या टिश्यू पेपरने पुसून तपासा, नुसत्या नजरेला बारीक ओल दिसत नाही पण टिश्यूवर लगेच डाग पडतो. कोणी पूर्वी साध्या तांब्याच्या नळीने पाइप बनवलेले असतील तर ते काढून टाका, तांबं हादऱ्यांनी हळूहळू कडक होतं आणि फ्लेअरजवळ (पाइपच्या पसरवलेल्या टोकाजवळ) तडकतं. स्टीलचे किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचे पाइप घ्या, टोकाला डबल फ्लेअर. होजच्या जोडाखाली तांब्याचं वायसर असतं तिथे दर वेळी नवीन टाका.

आता एअर

इथपर्यंत सगळं कोरडं आणि घट्ट असेल तरच एअर काढण्यात अर्थ आहे. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं घ्या, सहा महिन्यांपूर्वी उघडून शेल्फवर ठेवलेलं नको. पद्मिनीला डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ऑइल चालतं, मी डॉट ४ टाकतो. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश आणि ओल धरल्यावर १४० अंश, डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटात हाच फरक कामाला येतो. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, ते या दोघांत कधीच मिसळायचं नाही, शिवाय ते ओतताना बारीक बुडबुडे धरून ठेवतं आणि पेडल किंचित मऊच राहतं. डॉट ५.१ नाव सारखं असलं तरी सिलिकॉन नाही, ते डॉट ४ च्या घरातलं. ऑइल पेंटवर सांडलं की रंग उचलतं, लगेच भरपूर पाणी ओता.

जुनं ऑइल आधी तपासा. एका ग्लासात पाणी घ्या आणि टाकीतल्या ऑइलचे थेंब सोडा. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. वर तवंग आला तर कोणीतरी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल टाकलंय, मग नुसतं ऑइल बदलून चालत नाही, मास्टरपासून चारही चाकांपर्यंत एकूण एक रबर आणि होज बदलावे लागतात आणि पाइप धुवावे लागतात. डॉट ५ सिलिकॉन पण पाण्यात मिसळत नाही, ते बहुधा जांभळट असतं, त्यावरून ओळखा.

क्रम असा, मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत मास्टर उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी घट्ट बसवा, दुसरं टोक बाटलीत आणि बाटलीत आधीपासून थोडं ताजं ऑइल, टोक त्यात बुडलेलं हवं.

आत बसणाऱ्या माणसाशी शब्द ठरवून घ्या. तुम्ही 'दाब' म्हटलं की तो सावकाश दाबेल आणि 'दाबलं' म्हणेल, मग तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा सोडायचं, ऑइल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल, ते थांबायच्या आत निपल बंद करायचं आणि बंद झाल्यावरच 'सोड' म्हणायचं. निपल उघडं असताना पेडल वर आलं की हवा आत ओढली जाते, अख्खी मेहनत इथेच वाया जाते. सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं म्हणजे मास्टर परत भरतो. पटापट पंप करू नका, जोरात मारल्याने मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते बाहेर यायला वेळ लागतो. चार-पाच दाबांनंतर टाकी बघा, जुन्या गाडीची टाकी लहान असते आणि एकदा तळ दिसला की मास्टरमध्येच हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून.

जुना मास्टर असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पेडल फ्लोअरपर्यंत जाऊ देऊ नका. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पुढच्या भागात कधी जात नाही, तिथे गंज आणि चिकटा बसलेला असतो, एअर काढताना पेडल तळापर्यंत मारलं की रबराचे ओठ त्या गंजावरून घासतात आणि कालपर्यंत ठीक असलेला मास्टर आज गळायला लागतो. 'एअर काढली आणि पेडल आणखीनच बिघडलं' ही तक्रार ऐकली की मी आधी हेच विचारतो.

बुडबुडे थांबतच नसतील तर व्हील सिलिंडरवर आणि पाइपवर लाकडी हातोडीने हलके ठोका. निपल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या जागी आहे ना ते बघा, डावा-उजवा सिलिंडर अदलाबदल झाला तर काही गाड्यांत निपल खाली येतं आणि वर राहिलेली हवा कधीच निघत नाही. पाइप जिथे उंच चढून परत खाली येतो तिथे पण हवा बसून राहते, तेव्हा गाडीचं एक टोक जॅकने उचलून परत प्रयत्न करा. आणि घाई नसेल तर टाकी भरून निपल नुसतं उघडं ठेवा, ऑइल आपल्या वजनाने थेंब थेंब पडत राहतं आणि बारीक हवा सोबत घेऊन येतं, फक्त टाकीवर लक्ष ठेवून बसावं लागतं. निपलला लावून खेचायचा व्हॅक्यूम पंप मला आवडत नाही, निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि बुडबुडे संपल्यासारखे वाटतच नाहीत.

मास्टर रिकामा झाला असेल किंवा नवा बसवला असेल तर आधी मास्टरचीच हवा काढायची. बाहेर असेल तर व्हाइसला हलक्या हाताने धरून, आउटलेटला नळी लावून ती परत टाकीत ऑइलखाली सोडायची आणि पिस्टन सावकाश आतबाहेर करायचा बुडबुडे थांबेपर्यंत. गाडीत बसलेला असेल तर आउटलेटचा नट किंचित ढिला, खाली भरपूर कपडे, दाब, आवळ, सोड, असं पाच-सहा वेळा.

इतकं करूनही रबरासारखंच लागलं तर

आता लायनरकडे बघा, हे कारण लोकांच्या मनातच येत नाही. ड्रम लेथवर टर्न केला की त्याचा व्यास वाढतो, पण नवीन लायनर लावलेल्या शूचा गोलावा जुन्या व्यासाचाच राहतो. मग शू फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं हवेत. पेडल दाबलं की शू वाकत जातो आणि पायाला हुबेहूब हवेसारखं लागतं, कितीही एअर काढा. तपासायला लायनरवर खडूने आडव्या रेघा मारा, ड्रम लावा, हलका ब्रेक लावून चाक दोन फेरे फिरवा आणि उघडून बघा. फक्त मधल्या रेघा पुसल्या असतील तर सापडलं. लायनर बाँडिंग करणाऱ्याकडे शू आणि ड्रम दोन्ही घेऊन जा आणि शू त्या ड्रमच्या मापाला घासून मागा, सगळेच करत नाहीत पण मागितलं तर करणारे मिळतात. फरक थोडाच असेल तर काहीशे किलोमीटरमध्ये लायनर आपोआप बसतो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल आणि तो ओलांडला असेल तर ड्रम टाकून द्या, पातळ ड्रम ब्रेक लावल्यावर स्वतःच फुगतो.

दुसरं, बॉनेट उघडून कोणाला तरी पेडल दाबायला लावा आणि मास्टर सिलिंडरकडे बघत राहा. मास्टर अख्खा पुढे सरकतोय का? आपल्या दमट हवेत जुन्या गाड्यांचा फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनच्या मधला) पत्रा आणि पेडलचं ब्रॅकेट गंजून तडकतं, दाबलं की पत्राच वाकतो. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांत हे आवर्जून बघा. पेडलच्या पिनचं बुश झिजलेलं असेल तर तेही इथेच कळतं.

तिसरं, पुशरॉड, म्हणजे पेडलचा दाब मास्टरच्या पिस्टनला देणारा दांडा. पेडल सोडलेलं असताना पुशरॉड आणि पिस्टन यात साधारण मिलिमीटरभर फट हवी, पेडलवर ती थोडीशी मोकळी हालचाल म्हणून जाणवते. फट फार जास्त असेल तर पेडल उगाच लांब जातं. फट अजिबात नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, तापलेलं ऑइल परत जाऊ शकत नाही आणि ब्रेक आपोआप धरायला लागतात. पेडल वर आणण्यासाठी पुशरॉड लांब करून देणारे मेकॅनिक आहेत, कृपया करू देऊ नका, हायवेवर चारही चाकं तापून धूर येतो.

चौथं, बऱ्याच ड्रमवाल्या मास्टरच्या आउटलेटला एक छोटा वन-वे व्हॉल्व्ह असतो जो पेडल सोडल्यावर पण लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय, त्यामुळे व्हील सिलिंडरचे कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत येत नाही. किट टाकताना हा व्हॉल्व्ह हरवला किंवा उलटा बसला तर गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिलं पेडल खाली जातं. पुढे डिस्क बसवून घेतलेली गाडी असेल तर उलटं, डिस्कच्या लाइनला हा दाब जास्त होतो आणि पॅड घासत राहतात, तिथे हा व्हॉल्व्ह चालत नाही, आणि मास्टर कॅलिपरपेक्षा खाली असेल तरच २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. डिस्क बसवताना जुनाच मास्टर ठेवला असेल तर त्याचा व्यास कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) पुरत नसल्यानेही पेडल लांब जातं, ही हवेची तक्रार नाही.

आणि सगळं ठीक असून हलक्या दाबात पेडल बसतच असेल, टाकीतलं ऑइल मात्र कमी होत नसेल, तर मास्टरचे आतले कप गेले. भिंत गुळगुळीत असेल तर किट, नाहीतर नवा मास्टर.

रस्त्यावर काढण्याआधी

बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच सर्किट असतं, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते आधी बघा. मग गाडी उभी असताना पेडल पूर्ण ताकदीने अर्धा मिनिट दाबून धरा आणि प्रत्येक जोड परत टिश्यूने पुसा. ठीक असेल तर मोकळ्या जागेत ताशी १० च्या वेगात, मग २०, मग ४० ला ब्रेक मारा, गाडी सरळ थांबते का बघा. घरी आल्यावर चारही ड्रमना हात जवळ नेऊन उष्णता तपासा, चिकटवू नका, एकच जास्त तापला असेल तर तो शू जास्त आवळलाय, एक टप्पा ढिला करा.

ऑइल मी दर पावसाळ्यानंतर बदलतो, दोन वर्षांनी बदललं तरी चालतं असं म्हणतात पण चार महिने दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला एक वर्ष पुरे. नवे लायनर टाकले असतील तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर शू परत एकदा अ‍ॅडजस्ट करायचे असतात, तेव्हाच निपलच्या रबरी टोप्या पण बघून घ्या, टोपी नसली की निपलमध्ये माती जाते आणि पुढच्या वेळी ते सुटत नाही.